मयूरचं पोट

अमिता आणि मी एकाच बसने सौंसरला जायचो. मी तिथल्या एका शाळेत बरीच वर्षं भूगोल शिकवते. ती लग्न होऊन पांढुर्ण्याला आली आणि आमच्याच शाळेत विज्ञानाची बाई म्हणून लागली. पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आलं की या मुलीला स्वस्थ बसता येत नाही. पर्सची चेन उघडायची, लावायची, फोन काढून बघायचा, परत ठेवायचा. वह्या तपासायला घ्यायची आणि एकच पान दहा मिनिटं धरून बसायची. मला वाटलं, नवीन सासर आहे, होत असेल. पण सहा महिने झाले तरी तिचं तेच. एकदा मी सरळ विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, घरी एक मानूस दुखन्यात हाय आणि घरात कोनालेच ते पटत नाई."

तो माणूस म्हणजे तिचा दीर मयूर. पुढे जे झालं ते तिने मला बसमध्ये तुकड्यातुकड्याने सांगितलं. काही मी स्वतः पाहिलं, कारण तिच्या सासरचं, डिगरसेंचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून आहे.

डिगरसेंचं फवारणीच्या पंपांचं आणि त्यांच्या सुट्या भागांचं दुकान. सासरे नत्थूजी आणि अमिताचा नवरा वैभव, दोघे दुकानात. सासू उषाबाई घर बघतात. धाकटा मयूर तेव्हा तेवीस वर्षांचा होता. उंच, गोरा, हात कोपरात वर उचलून चालणारा. हलत्या बैलगाडीत उभा असल्यासारखी त्याची चाल. त्याला बोलता येत नाही, एक शब्दही नाही. आणि तो हसतो. ओळखीचा माणूस दिसला की हसतो, कुकरची शिट्टी झाली की हसतो, कोणी रागावलं तरी हसतो. गल्लीत त्याला सगळे 'हसरा मयूर' म्हणायचे आणि म्हणायचे की बाकी काही असो, पोरगा सुखी आहे.

अमिताला बघायला मंडळी लोधीखेड्याला गेली होती तेव्हा वैभवने मुद्दाम मयूरला सोबत नेलं होतं. लपवून लग्न करायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. मयूरने अमिताच्या हातातला पाण्याचा ग्लास घेतला आणि प्यायच्या ऐवजी सगळं पाणी हळूहळू स्वतःच्या तळहातावर ओतून घेतलं. सतरंजी भिजली. मंडळी ओशाळली. अमिताने दुसरा ग्लास भरून त्याच्यासमोर ठेवला. स्थळ तिथेच पक्कं झालं असं तिचे वडील देवीदासजी गमतीने सांगतात.

पाण्याचं त्याला वेडच होतं. सकाळपासून अंगणातल्या नळाखाली हात धरून बसायचा. बादली, मग, डबा, काही चालायचं. त्यामुळे मयूर पाणी पीत नाही असं कोणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं.

अमिता आली त्या वर्षी तो बिघडत चालला होता. संध्याकाळी सहा-साडेसहाला, दिवेलागणीच्या सुमारास, त्याचं सुरू व्हायचं. उठायचा, अंगणाला फेऱ्या मारायचा, आत यायचा, परत बाहेर. ओसरीवर पंपांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा ढीग असायचा, त्यावर पालथा पडायचा, पोट दाबून. तिथून उठला की दिवाणाच्या हातावर. मग स्वतःचं मनगट चावायचा. डाव्या मनगटावर चावून चावून घट्टा पडला होता. फारच झालं की हाताने कपाळावर थापडा मारायचा, आणि हे सगळं करताना मधेमधे हसायचा. जेवण कमी झालं होतं. ताटाकडे बघून तोंड फिरवायचा. आणि रोज तीन-चार वेळा कपडे खराब व्हायचे, पातळ, थोडंथोडं.

घरचे हात बांधून बसले होते असं नव्हतं. जवळच्या एका डॉक्टरने पातळ होतं म्हणून ते बंद व्हायच्या गोळ्या दिल्या. उषाबाई मऊ भात, केळी, ताक यावर त्याला ठेवायला लागल्या. अस्वस्थ असतो म्हणून एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरने डोकं शांत राहायची गोळी सुरू केली. लहानपणी त्याला फिट यायच्या, त्याची गोळी आधीपासून होतीच. नवीन गोळीने तो दुपारभर सुस्त पडायचा आणि संध्याकाळी पुन्हा तेच. मग गोळी वाढली. "या रोगात वय वाढलं की असंच होते," असं कोणीतरी सांगितलं आणि घराने ते मान्य केलं.

अमिताला ते मान्य होईना. ती शिकवते विज्ञान, पण म्हणाली की इथे विज्ञान नव्हतं, नुसता डोळा होता. सकाळी चहाआधी मयूर बरा असतो. खाल्लं की तासाभरात बिघडतो. ज्या दिवशी ताट परत करतो त्या दिवशी संध्याकाळ जरा बरी जाते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाची नोंद असायची, तिच्या खाली ती पेन्सिलने बारीक टिंब द्यायला लागली. चांगल्या संध्याकाळला एक, वाईटला तीन. महिनाभरात सगळं पान टिंबांनी भरलं.

मग तिला एक प्रश्न पडला आणि तो विचारायला तिला आठ दिवस लागले. घरात नवी सून, दीर वयात आलेला, आणि प्रश्न संडासचा.

तिने वैभवला विचारलं की भाऊजींना शेवटचं नीट, मोकळं केव्हा झालं. वैभव म्हणाला, बाबा नेतात ना त्याला. मग वैभवलाच तिने बाबांना विचारायला लावलं. नत्थूजी म्हणाले, सकाळी तर वैभव नेतो, मी दुपारी दुकानातून आलो की नेतो, पण आत तो एकटाच असतो, मी बाहेर उभा असतो, पाणी टाकल्याचा आवाज आला की झालं. मयूर आत जाऊन पाण्याशीच खेळत असणार, हे दोघांनाही त्या क्षणी कळलं असावं.

मयूर चौदा वर्षांचा होईपर्यंत उषाबाईच सगळं करायच्या. मग मोठा झाला, आईने करायचं बरं दिसत नाही म्हणून ते पुरुषांकडे गेलं. पोटात काय जातं ते बायकांना माहीत होतं. बाहेर काय येतं ते पुरुषांना माहीत आहे असं बायका समजत होत्या. नऊ वर्षं त्या घरात ते कोणालाच माहीत नव्हतं.

एवढं कळूनही काही हललं नाही. वैभव म्हणाला, "पातळ होऊन राहिलं त्याले, आणि तू म्हनते बद्ध हाय. दोन्ही कसं राहीन?"

याचं उत्तर तिला राखीला माहेरी गेली तेव्हा मिळालं. देवीदासजी गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, सात वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तीस वर्षं गावोगाव सायकलने फिरून गायी-बैलांची पोटं तपासली. त्यांच्यासमोर अमिताने सगळं मांडलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी विचारल्या. पोट दाबून पडतो का? पोटाला कोणत्या डॉक्टरने हात लावला का? पहिल्याचं उत्तर हो होतं, दुसऱ्याचं नाही. ते म्हणाले की जनावराचं आतडं गच्च झालं की वरचं पातळ बाजूबाजूने वाट काढते आणि मालकाला वाटते हगवण लागली. तो बंद व्हायचं औषध पाजतो आणि जनावर आणखी फुगते. "पातळ येते म्हनून मोकळं हाय असं नसते, बेटा. पन मी ढोरांचा मानूस. मानसाच्या डॉक्टरले म्हन, पोटाले हात लावून पाह्य."

अमिता दुसऱ्याच दिवशी परतली. बसमध्ये तिला कधी एकदा घरी पोचते असं झालं होतं. घरी पोचल्या पोचल्या, हातातली पिशवीही खाली न ठेवता, तिने सासूला ते सांगितलं. आणि सांगताना चूक केली. माझे बाबूजी म्हणाले की जनावराचं असंच होतं, असं ती बोलून गेली.

उषाबाई कणीक मळत होत्या. हात थांबले.

"माह्या पोराले ढोर समजते तू?"

अमिताने समजवायचा प्रयत्न केला. उषाबाईंनी परातीवर झाकण ठेवलं, हात धुतले आणि आत निघून गेल्या. त्यानंतर पंधरा दिवस त्या सुनेशी कामापुरतंच बोलल्या. नत्थूजींनी वैभवला सांगितलं की बायकोला म्हण, शिकलेली असली तरी सगळ्यात नाक खुपसू नये. कॅलेंडरचं ते पान कोणीतरी फाडून टाकलं. अमिता म्हणायची की राग आला त्यापेक्षा जास्त लाज वाटली, कारण सासूच्या जागी ती असती तर तिलाही तेच ऐकू आलं असतं. पण रोज संध्याकाळी सहा वाजले की ओसरीवर खोक्यांचा आवाज यायचा आणि तिच्या हातातली भाजी तशीच राहायची.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात तो मेळा. आमच्याकडे त्या दिवशी शाळा, दुकानं, सगळं बंद. नदीच्या अंगाला ज्यांना जायचं ते सकाळपासून जातात, बाकीचे घरात. ढोलांचा आणि माणसांचा आवाज गावभर असतो. मयूर दोन दिवस जेवला नव्हता. पोळ्याची पुरणपोळी उषाबाईंनी त्याला बळेच अर्धी भरवली होती. दुपारी दोनच्या सुमारास तो नळाजवळ बसला होता, एकदम उठला आणि नळाच्या सिमेंटच्या ओट्यावर त्याने कपाळ आपटलं. एकदा, दोनदा. वैभव धावेपर्यंत भुवईच्या वर फाटलं होतं आणि रक्त डोळ्यात उतरत होतं. आणि तो हसत होता.

मोटारसायकलवर वैभव पुढे, मध्ये मयूर, मागे त्याला घट्ट धरून अमिता. मोठ्या रस्त्याला बांबू लावलेले, म्हणून आतल्या गल्ल्यांमधून फिरत फिरत ते जखमींसाठी उभारलेल्या एका तंबूत पोचले. आत डोकी फुटलेली, हात मोडलेली माणसं ओळीने. पट्टी करणाऱ्या कर्मचाऱ्याने मयूरच्या कपाळावर कापूस दाबला आणि वहीतून डोकं न काढता विचारलं, "पांढुर्ण्याचा का सावरगावचा?"

वैभव म्हणाला, "कोनाचाच नाई. घरी डोकं आपटलं यानं."

टाके घालायला एक तरुण डॉक्टरबाई होत्या. मेळ्याच्या ड्युटीसाठी दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या, हिंदीतच बोलत होत्या. सुई टोचली तरी मयूर त्यांच्या तोंडाकडे बघून हसतोय हे पाहून त्या थबकल्या. याला दुखत नाही का, असं त्यांनी वैभवला विचारलं.

वैभवने उत्तर द्यायच्या आधी अमिता बोलली. "दुखते, मॅडम. दुखलं तरी हसते तो. त्याले दुसरं काही येतच नाई."

आणि मग ती थांबली नाही. संध्याकाळ, खोके, मनगट, गोळ्या, पातळ, नळ, सगळं. आजूबाजूला माणसं ओरडत होती, कोणीतरी तिला बाजूला व्हायला सांगत होतं. वैभव जमिनीकडे बघत उभा होता. तिने वडिलांचं नाव घेतलं नाही, जनावर हा शब्द टाळला. शेवटी एवढंच म्हणाली की आजपर्यंत कोणी याच्या पोटाला हात लावला नाही.

डॉक्टरबाईंनी शेवटचा टाका घातला. मयूरला बाजूच्या बाकावर आडवं करायला लावलं, शर्ट वर केला आणि चार बोटांनी पोट चाचपायला सुरुवात केली. डावीकडे खाली बोटं थांबली. पुन्हा वर, पुन्हा खाली. मग त्यांनी वैभवचा हात धरला, त्याच जागी ठेवला आणि म्हणाल्या, "दबाके देखो।"

वैभव मला स्वतः म्हणाला की हाताला जे लागलं ते माणसाच्या पोटात असेल असं त्याला वाटलंच नसतं. मनगटाएवढा जाड, टणक गोळा. त्याने हात काढून घेतला.

बाईंनी आजाराचं नाव विचारलं. दोघांनाही नीट सांगता येईना. अमिताला तर कोणी कधी सांगितलंच नव्हतं. वैभवला एवढं आठवत होतं की तो स्वतः बारावीत असताना नागपूरला मयूरचं रक्त तपासायला दिलं होतं आणि नावात अँजल की काहीतरी होतं. बाई मान हलवत म्हणाल्या की तो कागद घेऊन उद्या दवाखान्यात या, एक्स-रे काढू, मी परवापर्यंत आहे. पातळ बंद व्हायची गोळी त्यांनी त्याच क्षणी थांबवायला सांगितली. बाकीच्या गोळ्यांना मात्र हात लावू नका, त्या विचारून कमी करू, म्हणाल्या.

घरी आल्यावर वैभवने आईला सगळं सांगितलं. हाताला काय लागलं तेही सांगितलं. उषाबाई मयूरच्या कपाळाच्या पट्टीकडे बघत राहिल्या. अमिताने त्यांच्याजवळ बसून नागपूरचा रिपोर्ट मागितला.

त्यांनी उठून कपाट उघडलं. लग्नातल्या शालूखाली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद होता. चौदा वर्षांत तो त्यांनी कोणाच्या हातात दिला नव्हता.

"त्याच्यात माहं नाव हाय," त्या म्हणाल्या. "तिथल्या डॉक्टरनं सांगतलं होतं, आईकडून आलं म्हनून. तुह्या मामाजीनं, मयूरच्या बाबानं, ऐकलं, कधी बोलले नाईत. पन मले मालूम हाय ना."

अमिताने कागद वाचला. इंग्रजी होता. अँजलमन सिंड्रोम. पंधराव्या गुणसूत्राचा एक तुकडा नाही, तो जोडीतल्या आईकडून आलेल्या गुणसूत्राचा. त्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं की बहुतेक वेळा हे आपोआप घडतं. तिने ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं, मराठीत सांगितलं. उषाबाईंचा विश्वास बसला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चप्पल घालून त्या सगळ्यांच्या आधी दारात उभ्या होत्या.

एक्स-रेत पोट बरगड्यांपर्यंत भरलेलं होतं. बाईंनी फिल्म खिडकीशी धरून नत्थूजींना, उषाबाईंना बोटाने दाखवलं. त्यांनी जे समजावलं ते असं. या आजारात आतड्याची चाल मुळातच मंद असते, स्नायू ढिले असतात. ही मुलं फार वेळा बद्धकोष्ठाने आणि छातीत येणाऱ्या आंबटाने हैराण असतात, पण सांगू शकत नाहीत म्हणून चावतात, आपटतात, आणि लोक त्याला वेड समजतात. भात-केळ्याने आणि काही गोळ्यांनी ते वाढलं. आणि पाणी? उषाबाई म्हणाल्या, दिवसभर पाण्यातच असते. बाईंनी विचारलं, तोंडात किती जातं?

निघताना उषाबाई मागे थांबल्या. अमिता दाराशी होती म्हणून तिला ऐकू आलं. त्यांनी विचारलं की बाई, माझ्याकडून गेलं म्हणता, तर मी गरोदर असताना काय खाल्लं होतं, कुठे चुकलं. डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढून त्यांना बसवलं. म्हणाल्या की आईकडून म्हणजे आईच्या चुकीने नाही. एक तुकडा गळाला, तो कोणाचाही गळू शकतो, तुम्ही काहीही केलं असतं तरी. उषाबाई रडल्या नाहीत. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं आणि अमिताला म्हणाल्या, "चाल, त्याले भूक लागली असन."

तीन दिवस मयूर दवाखान्यात होता. ते तीन दिवस सोपे नव्हते. एनिमा देताना त्याला धरायला चार माणसं लागायची. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही आणि नत्थूजी दवाखान्याच्या अंगणात येरझारा घालत राहिले, मयूर घालायचा तशाच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोकळं झालं, मग होतच राहिलं. चादरी वैभवने धुतल्या, अमिताला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी मयूरने वरणात कुस्करलेली दीड पोळी खाल्ली आणि दुपारी चार तास उताणा झोपला. उताणा झोपलेला त्याला दोन वर्षांत कोणी पाहिला नव्हता.

पुढचं सगळं घरी. पाण्यात विरघळवायची पावडर रोज. पोळी, पालेभाजी, सोललेल्या संत्र्याच्या फोडी. पिण्याच्या पाण्याचा वेगळा तांब्या, खूण केलेला, आणि तो त्याच्या तोंडातच जातो की नाही हे बघायचं. त्याला उकिडवं बसता येत नाही, तोल जातो, म्हणून खुर्चीचा कमोड आणला आणि पायाखाली जेवणाचा जुना पाट. रोज चहानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं बसवायचं, झालं तर झालं. सकाळचं काम नत्थूजींनी आपणहून घेतलं. दार अर्धं उघडं ठेवून समोर स्टुलावर बसायचे आणि पेपर मोठ्याने वाचायचे. मंडीचे भाव, वारलेल्यांची नावं, काहीही. मयूर ऐकत बसायचा. ज्या माणसाला मुलाच्या संडासाबद्दल घरातल्या घरात बोलता येत नव्हतं, तो मला रस्त्यात थांबवून सांगायचा की आज छान झालं, बाई.

महिन्याभराने नागपूरच्या डॉक्टरांनी डोकं शांत राहायची गोळी अर्धी केली, नंतर बंद केली. फिटची चालू राहिली. मनगटाचा घट्टा मऊ पडला. मला वाटलं, चला, संपलं. अमितालाही तसंच वाटलं होतं.

डिसेंबरमध्ये ते पुन्हा सुरू झालं. तेच मनगट, तेच फिरणं. अमिता शाळेत फळ्यावर लिहिताना मध्येच थांबायची. बसमध्ये मला म्हणाली की आपण काहीतरी चुकलो, आईंना पुन्हा काय तोंड दाखवू. पण या वेळी घरात कोणी कोणाला दोष दिला नाही. उषाबाईंनीच आधी पाहिलं की आता तो पालथा पडत नाही, उलट आडवं केलं की उठून बसतो, गिळताना मान वर करतो, आणि सकाळी उशीला आंबट वास येतो. त्यांनी स्वतः पोट दाबून पाहिलं, मऊ होतं. मग वैभवला म्हणाल्या, "हे खालचं नाई, वरचं हाय. नागपूरले चाल." नागपूरच्या पोटाच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. आंबटाचं औषध दिलं, जेवण थोडंथोडं पाच वेळा, शेवटचं सात वाजता, आणि डोक्याकडे पलंगाखाली विटा. बरं व्हायला दोन महिने लागले.

त्याच खेपेला वैभवने डॉक्टरांना आपल्या होणाऱ्या मुलांबद्दल विचारलं. अमिताने ती भीती मला सांगितली होती, त्याला कधीच नाही. तिला वाटायचं, विचारलं तर घरावर शंका घेतल्यासारखं होईल. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं की मयूरच्या प्रकारात भावाच्या मुलांना धोका सगळ्यांना असतो तेवढाच, तरी खात्रीसाठी तुमची एक तपासणी करू. ती झाली, ठीक निघाली. पण निकाल यायच्या आधीचे आठ दिवस अमिता नीट जेवली नव्हती.

देवीदासजी फेब्रुवारीत पहिल्यांदा व्याह्यांकडे राहायला आले. उषाबाईंनी त्यांना पाटवडीची भाजी केली. जेवण झाल्यावर त्यांच्यापुढे बसून म्हणाल्या की तुमच्या पोरीवर मी रागावले होते, तुम्ही सांगितलेलं बरोबर होतं. देवीदासजी म्हणाले, मुक्या जिवाचं पोट पाहायचं, एवढंच मला येतं, आणि तबकातली विड्याची पानं निवडायला लागले.

मयूर आता पंचवीसचा आहे. बोलत नाही, बोलणारही नाही. वजन अकरा किलो वाढलं. पाण्याशी खेळतो, हसतो, आणि हसतो म्हणून बरा आहे असं आता त्या घरात कोणी म्हणत नाही. महिन्यातून दोन-तीन संध्याकाळी अजून वाईट जातात, कधी कारण सापडतं, कधी नाही. अमिताला सध्या पाचवा महिना लागला आहे. परवा बसमध्ये ती वह्या तपासत होती, बोरगाव मागे पडलं तेव्हा फोन वाजला. उषाबाई होत्या. सावरगावच्या एका बाईची नऊ वर्षांची मुलगी आहे, ती पण बोलत नाही, भिंतीवर डोकं आपटते. ती बाई घरी येऊन बसली आहे, तिला काय काय विचारू, असं त्या विचारत होत्या. अमिता म्हणाली की विचारू नका आधी, त्या पोरीला आडवं झोपवा आणि पोटाला हात लावून पहा. मग कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं ते मी आल्यावर सांगते.